खाज, हप्ता आणि समाधान

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून निघालं की महामार्गाने तासाभरात इगतपुरी येते. एका टोकाला सीएनसी मशीन, तीन पाळ्या आणि नव्वद दिवसांनी येणारं पेमेंट. दुसऱ्या टोकाला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र. तिथे पहाटे चारला घंटा होते आणि शेकडो माणसं दिवसाचे दहा तास डोळे मिटून बसतात. दोन्हीकडे माणसं सुखाच्याच शोधात जातात, पण एकमेकांकडे जरा तिरक्या नजरेने बघतात. ‘ते तिकडे पळाले’ असं कारखान्यातल्याला वाटतं. ‘हे इकडे अडकले’ असं ध्यानातल्याला.

खालचा संवाद या दोन बाजूंचा आहे. मामांचं अंबडला बावीस कामगारांचं मशीन शॉप आहे. भाची पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. इगतपुरीचं शिबिर संपवून पुण्याला परतताना ती मामांच्या शेडवर उतरली आहे. दोघंही कल्पनेतली आहेत, पण असा एखादा मामा किंवा अशी एखादी भाची वाचकाच्या नात्यात निघेलच.

मामा : ये, बस. आधी पाणी घे. तुझी आई म्हणाली, नऊ दिवस तोंडातून शब्द काढला नाहीस. माझा विश्वास बसला नाही.

भाची : माझाही बसला नसता. पण मोबाइल पहिल्याच दिवशी जमा करून घेतात. वही-पेन नाही, पुस्तक नाही, शेजारणीशी खाणाखुणा नाहीत. दहाव्या दिवशी तोंड उघडायला परवानगी मिळाली तेव्हा काय बोलावं हेच सुचेना.

मामा : आणि बढतीचं काय? मॅनेजर करत होते ना तुला?

भाची : मीच नको म्हणाले. सध्या तरी.

मामा : ‘सध्या तरी’ आमच्या धंद्यात चालत नाही. पार्टी ‘नंतर बघू’ म्हणाली की मी ती ऑर्डर वहीतून खोडतो. शिबिरात हेच शिकवतात का, मिळतंय ते सोडा म्हणून?

भाची : बढती मी शिबिराच्या आधी सोडली. त्याचं खापर इगतपुरीवर फोडू नका.

मामा : बरं. पण मी सरळ बोलतो, राग मानू नकोस. ध्यानाशी माझं भांडण नाही. तुझी मामी रोज सकाळी जप करते, त्या अर्ध्या तासात घर शांत असतं. माझं भांडण आहे ते ‘समाधान मानावं’ या उपदेशाशी. मी इथे आलो तेव्हा भाड्याचा गाळा आणि एक सेकंडहँड लेथ एवढंच होतं. तेव्हापासून आजवर मला समाधान मानायला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्यातल्या एकाचंही छप्पर गळत नव्हतं. तुझे आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या मळ्यावर राबले आणि आहे त्यात गोड मानत गेले. मळ्याचा मालक मात्र दर दोन वर्षांनी विहीर खोल करत होता.

भाची : हे मला पटतं.

मामा : एवढ्या लवकर पटवून घेऊ नकोस, मजा जाते.

भाची : बुद्धालाही पटलं असतं. धम्मपदाच्या जुन्या टीकेत आळवी गावच्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. बुद्ध गावात येणार म्हणून त्याला प्रवचन ऐकायचं होतं, पण नेमका त्याच सकाळी त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो दुपारी पोचला, उपाशीपोटी. सगळी सभा खोळंबली होती. बुद्धाने आधी विचारलं, जेवणातलं काही उरलंय का. त्याला जेवायला घातलं आणि मग बोलायला सुरुवात केली. भुकेल्या माणसाच्या डोक्यात उपदेश शिरत नाही, एवढं साधं.

मामा : हा बुद्ध मला चालेल.

भाची : आणखी एक ऐका. अनाथपिंडिक म्हणजे श्रावस्तीचा मोठा व्यापारी. त्याला बुद्धाने गृहस्थाची चार सुखं सांगितली. कष्टाने आणि सरळ मार्गाने मिळवलेलं धन जवळ असणं, हे पहिलं. ते स्वतः भोगणं आणि दान करणं, हे दुसरं. कुणाचंही देणं डोक्यावर नसणं, हे तिसरं. आणि वागण्यात खोट नसणं, हे चौथं. पैसा यादीत पहिला आहे, मामा. त्याला कुणी पाप म्हटलेलं नाही.

मामा : तिसरं सुख मला पाठवून दे. माझी बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, बाराही महिने काठोकाठ भरलेली असते.

भाची : पण त्याच उपदेशात पुढे म्हटलंय की पहिली तिन्ही मिळून चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाचीसुद्धा नाहीत.

मामा : आलं का शेपूट! पैसा चांगला, पण... हे ‘पण’ आम्हाला लहानपणापासून ऐकू येतं. आता तुकोबांचं बघ. घरात महाजनकी होती, दुकान होतं. दुष्काळ पडला, बायको अन्नावाचून गेली, धंदा बसला. मग ते भंडारा डोंगरावर जाऊन बसले. दुकान नीट चाललं असतं तर डोंगर चढले असते का? हरलेल्या माणसाला समाधान सुचतं.

भाची : तुकोबांनी धन जोडू नका असं कधी म्हटलं नाही. चांगल्या व्यवहाराने जोडा आणि अडकून न पडता खर्च करा, या अर्थाचा त्यांचा अभंग तुमच्या शेडमधल्या दिनदर्शिकेवरही सापडेल. आणि ते हरून बसले म्हणावं तर कर्जखतांचं काय? लोकांकडून येणं होतं, त्याचे कागद त्यांच्या हातात होते. वसुली करता आली असती. सांगतात असं की त्यांनी अर्धे कागद इंद्रायणीत बुडवले.

मामा : अर्धेच का?

भाची : उरलेले धाकट्या भावाचे, कान्होबांचे. ते त्यांनी त्याला वाटणी करून दिले. समाधान घेतलं ते स्वतःपुरतं. भावाच्या वाट्याचं पाणी केलं नाही.

मामा : हे चांगलं सांगितलंस. इतकी वर्षं ती गोष्ट ऐकतोय, पण सगळे कागद बुडवले असंच डोक्यात होतं. आणि तुझ्या लक्षात आलं का, हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे! माझ्यामागे बावीस घरं आहेत. मी समाधानी होऊन बसलो तर कागद त्यांचे बुडतात.

भाची : हो, मुद्दा तुमचाच आहे. पण धंदा वाढवणं आणि धंद्यासाठी जळत राहणं यांत फरक करता येतो का, एवढाच माझा प्रश्न आहे. ज्यांच्यामुळे हे इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं ते सत्यनारायण गोएंका मुळात कारखानदारच होते.

मामा : मारवाडी ना?

भाची : मारवाडी, पण जन्म मंडालेचा, 1924 चा. ब्रह्मदेशात कारखाने, व्यापार, रंगूनच्या मारवाडी समाजात मोठं नाव. आणि मायग्रेन इतका की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. त्या इंजेक्शनांचंच व्यसन लागेल या भीतीने ते युरोप, अमेरिका, जपान सगळीकडे डॉक्टर करून आले. शेवटी 1955 साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. डोकेदुखी घालवायला आलाय म्हटल्यावर त्यांनी आधी शिबिरात घ्यायलाच नकार दिला.

मामा : गिऱ्हाईक परत पाठवलं?

भाची : डोकेदुखीसाठी आलात तर या विद्येची किंमत कमी होईल, मन साफ करायला येणार असाल तर या, असं सांगितलं. आणि हे गुरुजी कोण होते? स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल.

मामा : म्हणजे ऑडिटवाले!

भाची : ऑडिटवाल्यांचे साहेब. कचेरीतच ध्यानासाठी खोली केली होती आणि हाताखालच्या लोकांना शिकवायचे. नोकरी सोडून जंगलात गेले नाहीत. गुरू सरकारी हिशेबनीस आणि शिष्य कारखानदार. या परंपरेला पैशाची ॲलर्जी असती तर ती दुसऱ्याच दिवशी संपली असती.

मामा : आणि मग कारखान्यांचं काय झालं?

भाची : 1962 साली जनरल ने विनने सत्ता घेतली. त्यानंतर उद्योगांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात गोएंकांचेही कारखाने गेले. ते पुढे सांगत की त्या काळात त्यांना गुरूंजवळ बसायला भरपूर वेळ मिळाला आणि आयुष्यातला तो फार मोलाचा काळ ठरला. 1969 मध्ये ते भारतात आले, त्याच वर्षी मुंबईत पहिलं शिबिर घेतलं. इगतपुरीत 1976 पासून शिबिरं सुरू झाली.

मामा : थांब. इथे मी तुला धरतो. कारखाना सरकारने नेल्यावर समाधानी राहणं ही मोठीच गोष्ट, मान्य. पण कारखाना ज्याला कधी मिळालाच नाही, त्याचं काय? मालकाच्या समाधानाची गोष्ट होते, ऑपरेटरच्या समाधानाला कुणी विचारत नाही.

भाची : 1994 साली तिहार तुरुंगात हजारावर कैद्यांचं शिबिर झालं. ज्यांच्याकडे सोडायलाही काही नव्हतं, अशांचं. शिबिराला फी नाही, राहण्या-जेवणाचेही पैसे नाहीत. शिबिर पुरं केलं तरच दान घेतात, तेही ज्याला द्यावंसं वाटेल त्याच्याकडून. माझ्या शेजारच्या खोलीत अंगणवाडीतली एक मदतनीस होती.

मामा : फी नाही, पण दहा दिवसांचा पगार बुडतो ना? तो कोण देतो? सरकारी नोकराला विपश्यनेसाठी रजा मिळते. माझ्याकडे रोजावर येणाऱ्या पोराला कोण देणार?

भाची : तुम्ही.

मामा : फार बोलायला लागलीस. नऊ दिवसांचं साठलंय वाटतं. बरं, ते राहू दे. तिथे बसून नेमकं करता काय, ते सांग. तत्त्वज्ञान नको. माझ्या सेटरला जसं सांगशील तसं सांग.

भाची : पहिले तीन दिवस फक्त श्वास. नाकपुड्यांशी आत येतो, बाहेर जातो, तेवढंच बघायचं. लांब नाही करायचा, मोजायचा नाही. त्याला आनापान म्हणतात. चौथ्या दिवसापासून विपश्यना. लक्ष डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत हळूहळू फिरवायचं आणि जिथे जे जाणवेल ते नुसतं बघायचं. मग दिवसातून तीन बैठका अशा, की तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत.

मामा : तासभर? माझा गुडघा दहा मिनिटांत बोंब मारेल.

भाची : माझाही मारत होता. पण गुडघ्याचं सोडा, डाव्या गालाची गोष्ट सांगते. पहिल्याच तशा बैठकीत गालावर, डोळ्याच्या जरा खाली, खाज सुटली. मुंगी चालल्यासारखी. एरवी कधी हात गेला कळलंही नसतं. आता हात मांडीवर. खाज वाढत गेली, गालभर पसरली, डोळ्यातून पाणी आलं. मला वाटलं, आता नाही खाजवलं तर वेड लागेल. मग तिच्याकडे नीट बघायला लागले तेव्हा दिसलं की ती एक नव्हतीच. बारीक टोचणं, जरा ऊब, एक थरथर, आणि प्रत्येक जण आपापल्या वेळेला येत-जात होतं. आणि मग ती गेली. मी काही न करता गेली.

मामा : म्हणजे दहा दिवसांत शिकलीस काय, तर गाल खाजवायचा नाही.

भाची : थांबा ना. संध्याकाळच्या बैठकीत मला अचानक आमच्या टीमची बढतीची यादी आठवली. माझ्या मागून लागलेल्या मुलाचं नाव माझ्या वर. आणि छातीत, बरोबर इथे, एक गरम गोळा झाला. सकाळच्या खाजेसारखाच. वाढतोय, पसरतोय, ‘काहीतरी कर’ म्हणतोय. गोएंकांच्या प्रवचनात हेच असतं: आपल्याला वाटतं आपण गाडीच्या, पदाच्या, पैशाच्या मागे आहोत, खरं तर अंगात उठलेल्या त्या संवेदनेला गप्प करायला धावत असतो. ती गप्प होते, दोन दिवसांनी दुसरी उठते.

मामा : आता माझं ऐक. खाज आपोआप जाते. हप्ता आपोआप जात नाही. दर महिन्याच्या सात तारखेला तो बँकेत उभा असतो. मी डोळे मिटून छातीतली ऊब बघत बसलो तर बँक येऊन शेड बघून जाईल.

भाची : बरोबर. हप्ता खाज नाही. त्याला पैसाच लागतो.

मामा : मग?

भाची : मग काही नाही. पैशाचं काम पैशाने करायचं. माझं म्हणणं एवढंच की आपण खाजेलाही हप्त्यासारखेच पैसे भरत राहतो, आणि तिचं कर्ज फिटत नाही.

मामा : वाक्य चांगलं आहे, पण पुरावा? तुम्ही लोक संशोधन-संशोधन करता ना? पंचाहत्तर हजार डॉलरच्या पुढे पैशाने सुख वाढत नाही म्हणे. माझ्या रोटरीतल्या प्रत्येक वक्त्याने हे ऐकवलंय, आणि वक्ता स्वतः मानधन घेऊन गेलाय.

भाची : ते 2010 सालचं, डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांचं. गंमत म्हणजे त्यावर आता तुमचीच बाजू वर आहे. 2021 मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थने दाखवलं की त्या आकड्याच्या पुढेही सुख वाढत जातं. मग 2023 मध्ये कानेमन आणि तो एकत्र बसले, आधीची आकडेवारी पुन्हा तपासली आणि मिळून निबंध लिहिला. बहुतेकांचं सुख पैशाबरोबर वाढतच जातं, असं निघालं.

मामा : घे! चहा सांग रे बाहेर, दोन!

भाची : पुढचं ऐका. सगळ्यात दुःखी असलेल्या पाचातल्या एका हिश्शाचं मात्र एका मर्यादेनंतर वाढायचं थांबतं. पैशाने जे दुःख कमी होतं ते होऊन गेलेलं असतं. उरलेलं पैशाच्या हातातलं नसतं. आणि याच किलिंग्सवर्थचं 2010 सालचं काम आहे. सव्वादोन हजारांच्या आसपास लोकांना दिवसातून मधूनच फोनवर विचारलं: आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, बरं वाटतंय का. जवळजवळ निम्म्या वेळा मन भलतीकडेच होतं आणि भलतीकडे असताना लोक कमी सुखी होते. आनापानात तीन दिवस शिकवतात ते हेच, मन आहे तिथे परत आणणं.

मामा : आणि त्याने फरक पडतो हे सिद्ध झालंय?

भाची : थोडं. 2014 मध्ये अमेरिकेत 47 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. चिंता आणि नैराश्य यांत लहान ते मध्यम सुधारणा दिसली. पण व्यायाम किंवा औषधं यांच्यापेक्षा ध्यान सरस, असा पुरावा मिळाला नाही.

मामा : म्हणजे सकाळी गोदाकाठी फेरी मारली तरी चालतं. मी रोज मारतो.

भाची : फेरी मारताना कानाला फोन असतो तुमच्या. ‘जॉब निघाला का, इन्सर्ट आले का.’

मामा : तो धंदा आहे.

भाची : तुम्ही विचारायच्या आधी मीच दोन गोष्टी सांगून टाकते. ध्यान सगळ्यांना मानवत नाही. गंभीर मानसिक आजार असेल तर शिबिराला येऊ नका, असं अर्जावरच लिहिलेलं असतं. लांब बैठकांमधून काहींना भीती, झोप उडणं असले त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. दुसरं, आमच्यासारख्या कंपन्यांत आता ध्यानाचे वर्ग घेतात. गूगलने 2007 पासूनच सुरू केले होते. दुपारी दोनला श्वास बघा, तीनला तीच डेडलाइन.

मामा : बघ! हेच मला म्हणायचं होतं. चार माणसांचं काम दोघांवर टाकायचं आणि दोघांना ध्यान शिकवायचं. माणसं भरण्यापेक्षा स्वस्त! मालक म्हणून सांगतो, ही युक्ती मला आधी सुचायला हवी होती.

भाची : म्हणून तर म्हणते, समाधान ज्याचं त्याने घ्यायचं. मालकाने कामगाराला वाटायची ती वस्तू नाही.

मामा : हं. मग माझं काय ते सांग. मी काय खाजवतो?

भाची : मी कशी सांगू? ते नवीन मशीन यायचंय ना? मामी म्हणत होती.

मामा : फाइव्ह-ॲक्सिस. दीड कोटीच्या आसपास जातंय. पलीकडच्या शेडवाल्याने गेल्या वर्षी घेतलं. पूजेला बोलावलं होतं मला, पेढे दिले.

भाची : पेढे खाताना छातीत काय झालं?

मामा : ...गोड लागले नाहीत. पण थांब, हा अर्धा भाग झाला. माझ्याकडे एका पार्टीचं ड्रॉइंग पडलंय. तो जॉब माझ्या आहे त्या मशीनवर तीन सेटिंगमध्ये होतो, दर सेटिंगला शेवटच्या मायक्रॉनचा फरक पडतो, शंभरात सहा-सात नग रिजेक्ट. फाइव्ह-ॲक्सिसवर एकदा बांधला की पाची बाजू होतात. ती ऑर्डर पक्की मिळाली तर मशीनचे दिवसाचे नऊ-दहा तास भरतात. उरलेल्या तासांचं काम शोधावं लागेल. मी बँकेला दाखवलेल्या कागदात वीस तास धरलेत.

भाची : मग नऊ-दहा तास गरज. आणि वरचे दहा?

मामा : वरचे दहा म्हणजे ते पेढे. असं म्हणायचंय ना तुला?

भाची : तुम्ही म्हणालात.

मामा : तरी मशीन मी घेणार. फक्त नवं नाही घेणार. वापरलेलं बघेन, निम्म्या किमतीत मिळेल. आणि हे मला ध्यानाने कळलं नाही हो, हिशेबाने कळलं.

भाची : हिशेब तर कागदावर आधीपासून होता. वीस तास लिहिताना हात का थांबला नाही?

मामा : वकिली करायला हवी होतीस तू. बरं, आता माझी पाळी. तू बढती सोडलीस ती समाधानाने की भीतीने?

भाची : मला कामाचा ताण...

मामा : ते कंपनीला सांगितलंस. मी तुझा मामा आहे. लहानपणी वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी तुझं पोट दुखायचं, ते मला माहीत आहे. मॅनेजर झालीस तर बारा माणसांना ‘तुझं काम बरोबर नाही’ असं तोंडावर सांगावं लागेल. ते तुला जमणार नाही असं वाटतंय का?

भाची : ...वाटतं. सहाव्या दिवशी तेच वर आलं होतं. मी यादी बघून जळत होते आणि बढती देतात म्हटल्यावर पोटात गोळा येत होता. दोन्ही एकाच वेळी.

मामा : मग ‘मला पैशाची हाव नाही’ हे त्या भीतीला नेसवलेलं धोतर झालं. आमच्या वडिलांचंही थोडं तसंच होतं, आज सांगतो. मालकाला दोन रुपये जास्त मागायची भीती होती त्यांना. तिला ते समाधान म्हणायचे, आणि आम्हीही तेच म्हणत आलो.

भाची : हे तुम्ही कधी बोलला नव्हतात.

मामा : तू कधी गप्प बसली नव्हतीस, मी बोलणार कधी? तर माझं मत लिहून घे. भीतीने सोडलेलं असेल तर आधी घे. खुर्चीत बसून बघ. मग नको वाटली तर सोड, त्या सोडण्याला मी समाधान म्हणेन. हातात नसलेली गोष्ट सोडता येत नाही.

भाची : येते, मामा. पण माझ्या बाबतीत तुम्ही म्हणताय ते बरोबर असेल. सोमवारी बोलते मी साहेबांशी.

मामा : आणि ते रोजचं बसणं?

भाची : ते चालूच राहणार. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास सांगतात. दोन्ही होतील असं नाही. पण बारा माणसांच्या तोंडावर खरं बोलायचं असेल तर पोटातला गोळा बघायची सवय लागेलच.

मामा : म्हणजे यश मिळवायलाच ध्यान वापरणार. मग माझ्यात आणि तुझ्यात फरक काय राहिला?

भाची : फार नाही. यश मिळालं नाही तरी झोप लागावी, एवढा. ते जमेल की नाही मला माहीत नाही. तुमचंही सांगा. किती झालं की पुरे, हे कधी ठरवलंय?

मामा : नाही. खरं सांगू? विचार करतोय कधीचा. पहिला गाळा झाला तेव्हा वाटलं, स्वतःची शेड झाली की पुरे. शेड झाली, मग मुलीचं शिक्षण, मग मशीन, आता गाडी बघतोय. आहे ती गाडी नीट चालते. हा ‘पुरे’ शब्द माझ्या तोंडून वर्षातून एकदाच निघतो. दिवाळीच्या आधी, बोनस ठरवायला पोरं समोर बसतात तेव्हा. ‘एवढं पुरे रे बाबांनो, यंदा मंदी आहे.’

भाची : मग तेवढं उलटं करून बघा. स्वतःला पुरे म्हणा, त्यांना म्हणू नका. इगतपुरीला नाही आलात तरी चालेल.

मामा : म्हणजे गाडी गेली.

भाची : तिचा हप्ता गेला.

मामा : बरं, तो पोरांकडे जाईल. पण सगळा नाही हं. सीसी कमी करायची आहे मला, ते तुझं तिसरं सुख. आणि तो रोजावरचा पोरगा रजा मागत होता, त्याला जाऊ दे तुझ्या शिबिराला, भरपगारी. फक्त मार्च सोडून. मार्चमध्ये माझ्या शेडमध्ये कुणालाही निर्वाण मिळणार नाही.